नव्या अंबाडीच्या बाजा

नव्या बाजा विणल्यापासून दाजिबा रोज पहाटे ओल्या अंथरुणात जागा व्हायचा. सत्तरीत आता हेही भोग आले म्हणून तो खचला होता. बायको कौतिका उठायच्या आत तो गोधडी गुपचूप वाळत घालायचा. लेक नातवाला बघायला बोलवत होती, पण तिच्या घरी असं झालं तर? "कंबर धरलीय," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या मग," कौतिका लगेच म्हणाली. नातवासाठी झुरणाऱ्या बाईनं इतक्या सहज मानलं, याचं त्याला नवल वाटलं.

एके पहाटे तो कुंपणापाशी गेला, तर तिथं कौतिका आपली गोधडी पिळत उभी.

"तुझी पण?"

"मला वाटलं, माझंच वय झालं," ती पुटपुटली.

दाजिबाने वळून पाहिलं. दोन्ही बाजांचे सुंभ ठिबकत होते आणि खाली सांडलेली ज्वारी उगवून आली होती. कोरडवाहू रानात ज्वारीच्या ओळींमध्ये पेरलेली ही नवी अंबाडी रात्रभर हवेतली ओल ओढून ज्वारीच्या मुळाशी सोडायची. हिचे दोर वळू नका, असं बियाणेवाल्यांनी बजावलं होतं. पण अंबाडी वाया घालवणं त्याच्या हातांना जमलं नव्हतं. आता सोलून, वळून, विणूनही ती आपलं काम करतच होती.

कौतिका पदरात तोंड लपवून हसत सुटली. "लेकीला फोन लावा. येतो म्हणावं."

त्याने लावला.

"बाबा, तुम्ही विणून पाठवलेल्या पाळण्यात बाळ छान झोपतं," लेक म्हणाली, "पण लई द्वाड हाय. दुपटी पुरत नाहीत."

"पोरी, त्याला बोल लावू नगंस," दाजिबा म्हणाला. "ते बिचारं कोरडंच असतं."