टोचायचं की दाबायचं?

दिवसभर खाली बघून झेंडूचे हार ओवून ओवून गंगूबाईची मान पार आखडली होती. जरा वर करायची म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.

ओसरीवर घरच्यांचा वाद रंगला होता. "आईले अकोल्याले नेतो. तिथं अ‍ॅक्युपंक्चरवाले बारीक सुया टोचतात," मुलगा नितेश म्हणाला.

"सुया कायले? बडनेऱ्यात अ‍ॅक्युप्रेशरवाला हाय, अंगठ्यानं नस दाबून देते," नवरा खुशालराव म्हणाले.

"हार काय आमी नाई ओवले? असली थेरं नाई केली!" सासू गोदाबाईनं नाक मुरडलं.

जिची मान होती, तिला मात्र कोणी विचारलं नाही.

गंगूबाईनं हातातली सुई झेंडूत खुपसली आणि अर्धा ओवलेला हार उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"आयका. टोचायले सासूबाई हायेत अन् दाबायले तुमी. हे दोन्ही इलाज लग्न झाल्यापासून चालूच हायेत, म्हणून तर दुखून राहिली. आता हार तुमी ओवा..."

 

"...माही मान आजपासून वरच राहीन!"