घोणसकड्याचा फोटो

भूशास्त्रज्ञ सुलभा नाडगौडांनी घोणसकड्याचा फोटो पुन्हा सरकारी डिजिटल संग्रहात चढवला. काळ्या दगडाचे उभे सहाकोनी खांब, आणि उंचीचा अंदाज यावा म्हणून पायथ्याशी उभे केलेले सहकारी इनामदार.

"फोटो बनावट आहे," संग्रहाचा आवाज म्हणाला. "उपग्रहाच्या आजच्या नकाशाशी जुळत नाही. तिथे सपाट जमीन आहे."

"खडीसाठी कडा फोडला, म्हणून सपाट आहे. हा फोटो मी स्वतः काढलाय."

"खोटे फोटो फार झाल्यामुळे जुळणी सक्तीची आहे."

सुलभाताईंनी वैतागून इनामदारांना फोन लावला. "अहो, तुमच्यासकट कडा खोटा ठरला."

इनामदारांनी विचारलं, "मग शेजारचा डोंगर खडीच्या खाणीपासून वाचवायला सुनावणीत काय दाखवणार? संग्रहाबाहेरचा फोटो ते पुरावा मानत नाहीत."

"तेच तर."

"निदान त्या डोंगराचे फोटो तरी चढवून ठेवा. तो अजून उभा आहे."

"चढवलेत. नकाशा दर महिन्याला बदलतो, इनामदार. डोंगर गेला की तेही खोटे ठरून पुसले जातील."

फोन ठेवून सुलभाताईंनी सगळे फोटो संग्रहातून उतरवून घेतले आणि कागदावर छापून देणारं कुणी अजून शिल्लक आहे का, ते शोधायला त्या घराबाहेर पडल्या.