सेन्सरचं निमित्त

लाल गाडीवाली दर आठवड्याला आमच्या गॅरेजात यायची. गाडी उभ्या उभ्या थरथरते, चढावर धापा टाकते, इंजिनचा दिवा विझतच नाही. नवरा हसत हसत सेन्सर पुसून द्यायचा आणि माझा नुसता जळफळाट! "एवढ्या कसल्या गप्पा रंगतात?" विचारलं की म्हणायचा, "सेन्सरच्या."

परवा तो नसताना ती आली. पाना मलाही धरता येतो. ब्याद कायमची टळावी म्हणून मी सरळ नवा सेन्सरच बसवून दिला.

आज ती पुन्हा दारात! नवरा केस सारखे करत पुढे धावला.

"गाडी मस्त पळतेय. मी ताईंना भेटायला आलेय."

तासाभराने ती गेली, तसा नवरा फणफणला, "एवढ्या कसल्या गप्पा रंगल्या होत्या?"



मी म्हटलं, "सेन्सरच्या."