चौथ्या वर्षाची तयारी

चौतिसावा प्रश्नही चुकलेला पाहून ताईने लाल पेन टेबलावर आपटलं.

"हा तर गेल्या रविवारी तुला येत होता."

"आज नाही आला," धाकटा म्हणाला आणि उठून भाजी चिरायला गेला.

दूरच्या शहरातल्या व्यवस्थापनाच्या त्या नावाजलेल्या संस्थेची प्रवेशपरीक्षा त्याने तीनदा दिली होती. पहिल्या वर्षी दोन गुणांनी हुकलं, दुसऱ्या वर्षी तीन, तिसऱ्या वर्षी पुन्हा दोन. सपशेल आपटला असता तर ताईने एव्हाना नाद सोडला असता. पण हे दोन-तीन गुण माणसाला धड जगू देत नाहीत, धड मरू देत नाहीत. निकाल तो आपल्या फोनवर बघायचा आणि तिला सांगायचा. दाखव म्हणणं तिच्या जिवावर यायचं. उगाच जखमेवर मीठ कशाला चोळा.

आई-वडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. ताई औषधांच्या गोदामात लागली आणि तिथेच चिकटली. आता कोणती खोकी थंड खोलीत जायची आणि कोणती गाडीत, हे तिच्या सहीशिवाय ठरत नसे. कंपनीने दुसऱ्या गावी याच्या तिप्पट मोठं गोदाम बांधलं होतं आणि ते तिच्या हाती द्यायचं चाललं होतं. दोनदा विचारलं, दोनदा तिने नाही म्हटलं. आता साहेबांनी तिसऱ्यांदा विचारून शुक्रवारची मुदत दिली होती. पुन्हा विचारणार नाही, हेही सांगून टाकलं होतं. ताईला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. पण पोराचं काही ठरल्याशिवाय घराला कुलूप लावायचं कसं?

तिने आपल्याकडून काही कमी केलं नव्हतं. पहिल्या वर्षी त्याला ढोरमेहनत करायला लावली, रोज शंभर गणितं. मग कळलं की ही परीक्षा घोकून नाही, डोक्याने द्यायची असते. दुसऱ्या वर्षी तिने त्याला नोकरी सोडायला लावली आणि चुकांची वही सुरू केली. कोणता प्रश्न सोडवायचा यापेक्षा कोणता सोडून द्यायचा ते शीक. चाळीस सेकंदांत वाट दिसली नाही की पुढे हो. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, तेव्हा अंदाजपंचे ठोकू नकोस. भिंतीवर वेळापत्रक लागलं. दर रविवारी सराव परीक्षा, आणि समोर हातात घड्याळ घेऊन ताई. चौथ्या वर्षाची पुस्तकं तर तिने तिसरा निकाल लागायच्या आधीच आणून ठेवली होती. नवी आवृत्ती लगेच संपते म्हणे. गोदामातल्या मुली चिडवायच्या, परीक्षा तुमची आहे की भावाची? ती हसण्यावारी न्यायची.

आणि हा भाऊ! वेळापत्रकात सहा ते आठ गणित, आणि ती कामावरून येऊन बघते तर हा स्वयंपाक उरकून मोकळा. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरत बसायचा. ती जेवेपर्यंत पुस्तक उघडायचा नाही. अभ्यास टाळायला माणूस काय काय शोधून काढतो, असं तिच्या मनात यायचं आणि तिचा जीव जळायचा. एकदा ती तीन गाड्यांत खोकी कशी बसवायची याचं कोडं घेऊन तासभर डोकं खाजवत होती. त्याने भांडी विसळता विसळता उत्तर सांगितलं, तेही बरोबर. कौतुक राहिलं बाजूला, ती भडकली. हे डोकं परीक्षेच्या दिवशी कुठे गहाण टाकतोस, असं तिने विचारलं.

"साहेबांना काय सांगितलंस?" आता त्याने स्वयंपाकघरातून विचारलं.

"अजून काही नाही."

"तिथे एकटीचं जमेल तुला?"

"माझं सोड. तुझं बोल."

तो पुन्हा भाजीकडे वळला. ताईने चुकांच्या वहीत चौतिसावा प्रश्न उतरवून घेतला. चुकांची ही आता चौथी वही होती.

परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. नेमकं घोडं कुठे अडतं हे कळलं तर दोन महिन्यांत तेवढंच पक्कं करून घेता येईल, असं तिला वाटलं. मग साहेबांना हो म्हणायला हरकत नाही. नाहीतर शुक्रवारी तिसरा नकार, आणि मग जन्मभर याच गोदामात. गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तिन्ही वर्षांची परीक्षेची ओळखपत्रं फायलीत घातली आणि थेट संस्थेच्या इथल्या प्रवेश कार्यालयात गेली. धाकट्याला सांगितलं नाही. त्याला कमीपणा वाटला असता.

रांगेत सगळी विशीतली मुलं होती. तासाभराने तिचा नंबर लागला. भावाचे गुण कोणत्या विभागात जातात तेवढं सांगा, अशी तिने विनंती केली आणि ओळखपत्रं पुढे सरकवली. खिडकीतल्या बाईंनी संगणकावर एकेक क्रमांक घातला. मग त्यांनी ताईकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

"फार कमी आहेत का?" ताईने विचारलं.

"कमी कसले? तिन्ही वर्षं पहिल्या विसांत आहे हा मुलगा. तिन्ही वर्षं जागा दिली होती त्याला. त्यानेच नको म्हणून कळवलं."

काहीतरी चूक होतेय, ताई म्हणाली. बाईंनी जन्मतारीख वाचली, पत्ता वाचला, फोटोही दाखवला. तोच होता. गेल्या वर्षी तिनेच इस्त्री करून दिलेल्या शर्टात.

तिने खिडकीची कड घट्ट धरली. तीन वर्षं, चार वह्या, दोन नकार. राग कुणावर काढावा हेही तिला कळेना.

"कारण काही दिलंय त्याने?"

"दिलंय ना. तिन्ही वेळा एकच," म्हणत बाईंनी पडद्यावरून वाचून दाखवलं, "'मोठी बहीण सर्वस्वी माझ्यावर अवलंबून आहे. तिला एकटं टाकून येता येणार नाही.'"