भेगेतली हाक

हिमनदीवर स्क्युली वाट दाखवत पुढे चालला होता. त्याच दोराला बांधलेली त्याची बायको ह्रेफ्ना मागे होती आणि तिच्यामागे पाहुणे.

एका खोल भेगेपाशी तो थबकला. खालून हाक आली, "स्क्युली, अरे, मी पडलेय! दोर टाक ना!"

आवाज ह्रेफ्नाचा होता.

त्यानं वळून पाहिलं. ह्रेफ्ना ओठ मिटून उभी होती.

"मगाशी तू पाणी प्यायला थांबलास ना, मी कमरेचा दोर सोडला होता, तेव्हाच घसरले रे," खालचा आवाज रडू लागला. "गारठतेय मी."

त्यानं पाठीवरचा दोर भेगेत सोडला. तो तिच्यापर्यंत पोहोचला नाही.

ह्रेफ्नानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल पुढे," ती मायेनं म्हणाली. "होईल ती गप्प थोड्या वेळानं."