डाव्या गालावरची चामखीळ

सासरच्या दिवाणखान्यात पाऊल टाकताच जावई जागीच थबकला. त्यानं निनावी छापून विकलेलं व्यंगचित्र समोरच्या भिंतीवर टांगलं होतं: सोफ्याचं प्लास्टिक फाटू नये म्हणून जमिनीवर बसणारा गृहस्थ. नमुना अर्थात सासरेच. ओळख लपवायला त्यानं उजव्या गालावरची चामखीळ तेवढी डाव्या गालावर काढली होती. तरी बायकोनं बजावलंच होतं, "बाबांना कळलं तर माझं माहेर तुटेल!" छपाईची शाई नखांत होती, त्यानं मूठ आवळली. "प्रदर्शनातून आणलं," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "आधी वाटलं, आमचे हेच! पण चामखीळ बघा ना, भलत्याच गालावर." जावयाच्या जिवात जीव आला. सोफ्याशेजारी जमिनीवर बसलेले सासरे मात्र हसले नाहीत. "हिला नाही ओळखता आला," ते हळूच म्हणाले. "पण दाढी करताना आरशात मला रोज हाच दिसतो. मूठ उघडा, जावईबापू."