रविवारची सवलत

म्हाताऱ्या कंपाउंडरांनी अर्ज पालिका कार्यालयाच्या खिडकीतून आत सरकवला. अक्षर त्यांचं पहिल्यापासून मोत्यासारखं. विनंती एवढीच होती, की शहराच्या मध्यभागात गाडी आणली की आता शुल्क पडतं, ते आपल्या मुलाला रविवारपुरतं माफ व्हावं. मुलगा नदीपलीकडे राहायचा. पूर्वी दर रविवारी बायको-मुलीला घेऊन जेवायला यायचा. शुल्क लागू झालं, तेव्हापासून आठ महिन्यांत एकदाही फिरकला नव्हता.

शुल्काबद्दल त्यांची तक्रार नव्हती. उलट, लोकांची मतं मागवली तेव्हा त्यांनी पाठिंब्याची सही ठोकली होती. धूर खरंच कमी झाला, त्यांचा जुना खोकला गेला. आणि रस्ता इतका शांत झाला, की खाली गाडी थांबली तर दुसऱ्या मजल्यावर कळायचं. रविवारी ते कान देऊन बसायचे.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, रविवारी शुल्क नसतंच. पहिल्या दिवसापासून नाही."

मुलाच्या लक्षात आलं नसेल, कामाच्या रगाड्यात असतो बिचारा, असं कंपाउंडरांनी न विचारताच सांगून टाकलं. बाईंनी मान डोलावली आणि अर्ज परत दिला.

वाटेत त्यांच्या पायांना जोर आला. इतके दिवस उगीच अडून बसलो म्हणून ते स्वतःशीच हसले. घरी पोचेपर्यंत रविवारचा बेतही ठरला. गाद्यांना ऊन दाखवायचं, नातीची खुर्ची माळ्यावरून काढायची. चहासुद्धा न घेता त्यांनी फोन लावला.

कार्यालयात जाऊन आलो, एवढंच ते म्हणाले.

"उगाच गेलात, बाबा," मुलगा घाईघाईने म्हणाला. "सवलत वगैरे काही देत नाहीत ते. आणि रविवारी तर दुप्पट घेतात. मी स्वतः चौकशी केलीय."

पलीकडे नात कुणाला तरी हाका मारत होती.

"हो," कंपाउंडर म्हणाले. "तिथल्या बाईही तेच म्हणाल्या."

"मग? मी सांगत नव्हतो?" मुलगा म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला होता.